भिंत धुण्याचा भाव

पोळा सरला आणि पाऊस जरा ओसरला, की आमच्या चंद्रपुराकडे घरांच्या भिंतींकडे पाहवत नाही. उन्हाळाभर बसलेली कोळशाची बारीक काजळी, राख आणि रस्त्याची धूळ पावसाच्या धारांबरोबर खाली ओघळलेली असते. छज्जाच्या कडेपासून जोत्यापर्यंत काळे पट्टे उठतात. उत्तरेकडच्या भिंतीला तर ऊन असे लागतच नाही. ती शेवाळाने हिरवीकाळी होऊन बसते. दिवाळी तोंडावर आलेली असते आणि घरोघर एकच बोलणे सुरू होते : यंदा रंग द्यायचा, की नुसते धुऊन घेऊन वेळ मारून न्यायची ?

पूर्वी धुणे म्हणजे बादली, कुंचा आणि घरातली माणसे. आता वॉशिंग सेंटरवर मोटारसायकली धुतात तसले प्रेशरचे यंत्र घेऊन माणूस दारी येतो आणि एका दिवसात भिंत उजळून देतो. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा या शहरांत हे सुरू झाले. आता गडचिरोली, देसाईगंजाकडच्या सिमेंटच्या घरांपर्यंतही ते पोचू लागले आहे. प्रश्न असा की, हा माणूस जे पैसे मागतो ते कशाचे ? पाण्याचे ? यंत्राचे ? की आपल्या अडाणीपणाचे ?

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. किंमत कशी ठरते हे दरसाल फळ्यावर लिहून देणारा माणूस मी. तरी स्वतःच्या घराची भिंत धुवायची वेळ आली तेव्हा मी या हिशेबात सपशेल चुकलो. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. आधी हिशेब पाहू.

भिंत धुण्याचा भाव तीन तऱ्हांनी सांगितला जातो : रोजाने, ब्रासने किंवा उक्ता. रोजाने म्हणजे माणसांची मजुरी आणि यंत्राचे भाडे दिवसावर. ब्रासने म्हणजे मापावर. भिंतीच्या कामात शंभर चौरस फुटांचा एक ब्रास धरतात. वाळूमुरमाचा ब्रास घनफुटांचा असतो, तो वेगळा, त्याची इथे गल्लत करू नये. आणि उक्ता म्हणजे घराकडे एकदा मान वर करून पाहिले आणि आकडा सांगून टाकला. उक्त्यात वाद कमी होतात हे खरे, पण आपण किती भिंतीचे पैसे देत आहोत हे कळत नाही. म्हणून सौदा उक्ता करा की न करा, आपली भिंत आपण आधी मोजून ठेवावी.

मोजणे अवघड नाही. माझे घर तीस फूट बाय चाळीस फूट, खाली-वर दोन मजले, उंची वीस फूट. चारी बाजू मिळून परीघ एकशेचाळीस फूट. त्याला विसाने गुणले की २,८०० चौरस फूट, म्हणजे २८ ब्रास. खिडक्या-दारे सहसा वजा करीत नाहीत. त्या झाकून घेण्यालाच वेळ लागतो, असे कामगारांचे म्हणणे, आणि ते रास्त आहे. उंची मोजायला शिडी नको. एक सरळ काठी सपाट जागी उभी करा. तीन फुटांच्या काठीची सावली दोन फूट पडली आणि त्याच वेळी भिंतीच्या कोपऱ्याच्या माथ्याची सावली पायथ्यापासून आठ फुटांवर पडली, तर भिंत बारा फूट उंच. शिक्षकमित्रांनी हा पाठ मुलांकडून शाळेच्या भिंतीवर करून घ्यावा. प्रमाणाचे गणित फळ्यावर समजत नाही ते अंगणात चटकन समजते.

२०२२ च्या दिवाळीआधी मला ब्रासला चारशे रुपये, म्हणजे चौरस फुटाला चार रुपये, असा भाव सांगण्यात आला. २८ ब्रासचे ११,२०० रुपये झाले. हा माझ्या घराचा, त्या वर्षीचा भाव, बरे का. तुमच्याकडे तो कमी असेल किंवा जास्त असेल. आपल्याला आकडा पाठ करायचा नाही, त्याच्या पोटात काय काय असते ते पाहायचे आहे.

माणसाला प्रथम वाटते, पाणी फार लागत असेल. तसे नाही. साधारण यंत्र मिनिटाला आठेक लिटर पाणी फेकते. एका ब्रासला बारा मिनिटे धरली तर २८ ब्रासला ३३६ मिनिटे. पाणी झाले २,६८८ लिटर. पाच हजार लिटरचा टँकर निम्म्याहून थोडाच जास्त संपतो. आपण साधी नळी लावून तेवढाच वेळ धूत बसलो तर त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज जाईल. विजेचेही तसेच. दोन किलोवॅटचे यंत्र साडेपाच तास चालले तर अकरा युनिट जळतात. ११,२०० च्या बिलात हे दोन्ही म्हणजे किरकोळ बाब. तेव्हा "पाणी आमचे, वीज आमची, मग एवढे पैसे कसले ?" हा जो प्रश्न आपण मोठ्या ऐटीत विचारतो, त्यात काही दम नाही.

खरी करामत आहे ती दाबाची. गच्चीवरची टाकी नळापेक्षा पाच मीटर उंच असली तर नळाला अर्धा बार दाब मिळतो. दहा मीटर उंचीला एक बार, हा ढोबळ हिशेब. या यंत्राचा दाब शंभर-सव्वाशे बार असतो. १२० बार दाब नुसत्या उंचीने मिळवायचा तर टाकी बाराशे मीटर उंच बांधावी लागेल. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मला मांडून दाखवले, की या दाबाने तोटीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला दीडशे मीटरपर्यंत जातो. पाणी थोडे, पण वेग अचाट. काजळी खरवडली जाते ती या वेगाने. आणि हाच वेग भिंतीचा रंग, गिलावा आणि प्रसंगी माणसाची कातडीही फाडू शकतो. कातडीतून आत शिरलेली अशी धार वरून बारीक टाचणीएवढी जखम दाखवते आणि आत मोठी हानी करते; अशा वेळी घरगुती मलमावर न थांबता ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे लागते.

ही यंत्रे आपल्याकडची नव्हेत. जर्मनीतल्या कार्शर यांच्या कारखान्याने १९५० साली गरम पाण्याचे असे यंत्र युरोपात प्रथम आणले. अमेरिकेत तर घर धुऊन देणे हा मोठा धंदाच झाला. पण तिकडच्या पुष्कळ घरांना बाहेरून लाकडी फळ्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. आपली भिंत विटांची, गिलाव्याची, त्यावर चुना नाहीतर डिस्टेंपर. तिकडची जाहिरात पाहून इकडच्या भिंतीवर धार सोडणे म्हणजे धोतर खराट्याने धुण्यासारखे होय.

म्हणून पैसे देण्याआधी आपल्या भिंतीवर नेमके काय बसले आहे ते ओळखावे. आमच्या या दोन जिल्ह्यांत काळे ते सगळे एक नव्हे. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. चंद्रपुराशेजारी २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर इकडे सिमेंटचे कारखाने आहेत. सुरजागडचे लोहखनिज ज्या रस्त्यांनी ट्रकांतून गेले, त्या एटापल्ली, आलापल्ली, आष्टी भागातल्या रस्त्याकाठच्या घरांवर तांबडी धूळ बसली. आणि धानोरा-भामरागडच्या जंगलात, जिथे ना खाण ना कारखाना, तिथली भिंत काळी होते ती शेवाळाने आणि बुरशीने.

ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर चमचाभर घेऊन कपभर पाण्यात कालवा, वरचे निवळ पाणी घ्या आणि त्याचे दोन थेंब डागावर सोडा. पाचसात मिनिटांत डाग फिका पडला तर ते शेवाळ किंवा बुरशी. तसाच काळा राहिला तर काजळी किंवा धूळ. शेवाळाला प्रेशरची फारशी गरजच नसते. ब्लीचिंगचे पातळ पाणी लावावे, पंधरा मिनिटे थांबावे, काथ्याच्या ब्रशने घासून साध्या पाण्याने धुवावे, काम होते. उलट नुसत्या धारेने शेवाळ वरवर निघते, मुळे गिलाव्यात राहतात आणि पुढच्या श्रावणात पुन्हा डोके वर काढतात. एक मात्र कधीही करू नये. ब्लीचिंग आणि फरशी धुण्याचे ॲसिड एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि तो छातीचा घात करतो.

काजळी आणि धूळ यांवर धार चालते, पण गिलावा पक्का आणि रंग बाहेरच्या कामाचा असेल तरच. चुन्याची सफेदी धारेबरोबर वाहून जाते. मग धुण्याचे पैसे देऊन वर सफेदीचेही द्यावे लागतात. सिमेंटची धूळ दहिवराच्या ओलाव्याने भिंतीवरच आवळते, ती पाण्याने निघत नाही. तांबडी धूळ सफेदीत मुरली की नुसत्या दाबाने जात नाही. अशा ठिकाणी जो माणूस "सगळं काढून देतो, काळजी नका करू" असे म्हणतो, त्याला कोपऱ्यातला हातभर तुकडा आधी धुऊन दाखवायला सांगावे. तो सुकू द्यावा, दुसऱ्या दिवशी पाहावा, आणि मग सौदा करावा. प्रामाणिक माणूस या अटीला नाही म्हणत नाही.

काही जागी तर धार लावूच नये. सिमेंटचे जुने पत्रे पुष्कळ घरांवर, गोठ्यांवर असतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. दाबाच्या पाण्याने त्याचे तंतू सुटतात आणि सुकल्यावर श्वासाबरोबर छातीत जातात. कवेलूंवर धार मारली तर कवेलू सरकतात. मीटरची पेटी, विजेची सर्व्हिस लाइन, उघडे बोर्ड यांच्या जवळ तर नकोच नको. काम चालू असताना त्या बाजूचा पुरवठा बंद ठेवावा. गिलावा न केलेल्या विटांच्या घरकुलाचे तसेच. २०१६ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला घरामागे १ लाख ३० हजार रुपये ठरले. तेवढ्यात घर उभे करताना बाहेरचा गिलावा बहुतेकांचा राहूनच जातो. अशा उघड्या विटांच्या दर्जांत दाबाचे पाणी गेले की दर्जा मोकळ्या होतात आणि ओल आतल्या भिंतीवर दिसते. तिथे केरसुणीने झाडून घ्यावे आणि धुण्यासाठी ठेवलेले पैसे गिलाव्यात घालावे.

जिल्हा परिषदेच्या शाळांची गोष्ट जरा निराळी आहे. समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदानातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा असतो, आणि पंधरा ऑगस्टच्या आधी शाळा लख्ख दिसावी असे कोणाला वाटत नाही ? पण आपल्या शाळांच्या भिंती बोलक्या असतात. पाढे, नकाशा, बाराखडी, वाघाचे चित्र, सारे त्यांवर रंगवलेले. प्रेशरची धार त्यांवरून एकदा फिरली की भिंत मुकी झाली म्हणून समजा. शिवाय रंग जुना असेल तर त्यात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांवर येऊ द्यायचे नाही हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. त्याचे पापुद्रे धुऊन अंगणात पाडायचे, आणि त्याच अंगणात मुले जेवायला बसायची, हे बरे नव्हे. तेथे ओला फडका आणि मऊ ब्रशच चांगला.

आता माझी हकीकत.

भाव सांगायला आला होता तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. गावाबाहेर त्याचे गाड्या धुण्याचे छोटे दुकान, आणि दिवाळीच्या सुमारास घरे धुण्याचे काम. त्याने २८ ब्रासचे ११,२०० रुपये सांगितले. मी म्हटले, "पाणी माझे, वीज माझी. साडेसात हजार देतो." तो म्हणाला, "सर, पान्याचे पैसे नाही घेत जी मी. चढाचे घेतो." मला ते वाक्य त्याची धंदेवाईक चतुराई वाटले. मी हटलो नाही. दोन दिवसांनी तो "येतो" म्हणाला. बायकोने विचारले, एवढे कसे कमी केले त्याने ? मी म्हटले, घासाघीस कशी करायची ते शिकावे लागते.

तो आला एकटाच. बरोबर यंत्र, पाइप आणि एक बांबूची शिडी. खालचा मजला छान धुतला. वरच्या मजल्याला शिडी लावली. या यंत्राची तोटी दाबली की पाणी पुढे जाते आणि हाताला मागे रेटा बसतो; आमच्या सहकाऱ्यांच्या हिशेबाने दोनेक किलोचा. जमिनीवर उभ्या माणसाला तो रेटा जाणवतही नाही. शिडीवर एका हाताने धरून उभ्या असलेल्या माणसाला तो पुरतो. खालची फरशी ओली होतीच. शिडी सरकली. नशिबाने तो बागेच्या मातीत पडला. डाव्या हाताचे मनगट मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला, आणि तोच त्याच्या धंद्याचा हंगाम होता. दवाखान्याचा खर्च मी दिला. तो मी घासाघीस करून वाचवलेल्या रकमेच्या पुढे गेला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही, पण दुःख त्याचे नाही.

पुढे एकदा त्याला भेटायला गेलो असता त्याने वहीच्या पानावर तो ११,२०० चा हिशेब उजव्या हाताने लिहून दाखवला. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी, सातशे रुपये रोजाने, २,८००. परांचीचे भाडे आणि ती नेण्या-आणण्याची हमाली २,२००. यंत्राची झीज, पाइप, वॉशर यांचे ६००. औषध ४००. गाडीभाडे ६००. बेरीज ६,६००. उरलेले ४,६०० त्याचे. त्यातून स्वतःची देखरेख, रिकामे दिवस आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता. वर्षातले दोन-अडीच महिने हे काम चालते, पोट मात्र बारा महिने असते. मग मी विचारले, मी ३,७०० कमी केले तेव्हा तू कशात कपात केलीस ? त्याने परांचीच्या २,२०० वर आणि दुसऱ्या माणसाच्या १,४०० वर काट मारली. ३,६०० झाले. शंभर रुपये त्याने स्वतःचे सोडले होते.

मी अठरा वर्षे शिकवतो आहे, वाचकहो, की किंमत ही घटकांची मिळून झालेली असते. कोणता घटक कापला जातो हे मात्र घासाघीस करणाऱ्याला दिसत नाही. पाण्याचे, औषधाचे, गाडीभाड्याचे पैसे कमी होऊ शकत नाहीत. कमी होतो तो उंचीवर जाणाऱ्या माणसाच्या पायाखालचा आधार. म्हणून दोन मजल्यांच्या घराचा भाव ठरवताना ब्रासचा भाव आणि परांचीचा भाव निराळा लिहून घ्यावा. परांची कोणाची, कमरेला पट्टा आहे की नाही, खाली दुसरा माणूस उभा राहणार की नाही, हे आधी विचारावे. कमी करायचेच असेल तर भिंत कमी करावी : चारांऐवजी एकच बाजू धुवावी. आणि बिलात जीएसटी लावला असेल तर त्याचा नंबर पाहावा. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्याला सहसा नोंदणीची सक्ती नसते, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर गिऱ्हाइकाकडून घेताही येत नाही.

त्या वहीच्या पानावर एक गोष्ट मात्र लिहिलेली नव्हती, आणि ती त्याच्या हातातही नव्हती. माझी भिंत काळी केली कोणी ? इंग्लंडातील अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात कारखान्यांच्या धुराचा प्रश्न घेतला आहे. धुरकट मँचेस्टर आणि स्वच्छ हवेचे हॅरोगेट या दोन गावांतल्या सारख्याच ऐपतीच्या घरांची तुलना झाली होती. मँचेस्टरच्या घराला कपडे धुण्याच्या जळणासाबणावर आठवड्याला साडेसात पेन्स जास्त पडत होते. रक्कम लहान; पण शहरभरच्या घरांची वर्षाची बेरीज केली की डोळे पांढरे होतात. कारखानदाराच्या वहीत ती कुठेच नव्हती, ती भरत होती मँचेस्टरची धुणे धुणारी बाई.

आमचे चंद्रपूर २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजणीत ८३.८८ गुणांनी देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांत अगदी वरच्या काही नावांत होते. विजेचा, सिमेंटचा, पोलादाचा भाव साऱ्या देशासाठी ठरतो. भिंत धुण्याचा खर्च मात्र ज्याच्या दारावरून धूळ उडते त्याच्याच खिशातून जातो. मँचेस्टर आणि हॅरोगेटसारखी तुलना आपल्या शाळांतल्या मुलांना करता येईल. खाणीच्या रस्त्याकाठचे एक गाव घ्यावे, जंगलातले एक घ्यावे. वर्षातून किती वेळा भिंत धुतली, किती पैसे गेले, किती दिवस मोडले ते दहा-दहा घरी विचारून लिहावे. ग्रामसभेत धुळीची तक्रार करायची असेल तर "फार धूळ येते" या वाक्यापेक्षा तो कागद जास्त बोलेल.

जाता जाता मातीच्या घराविषयी सांगायचे आहे, कारण या दोन जिल्ह्यांतली किती तरी घरे अजून मातीची, कुडाची आहेत आणि त्यांच्या भिंतींचा भाव कोणी विचारीत नाही. तिथे प्रेशरच्या यंत्राचा प्रश्न येत नाही. एका मिनिटात भिंत वाहून जाईल. ती भिंत पोतारली जाते. पांढरी माती खणून आणायची, डोक्यावरून घरी न्यायची, रात्रभर भिजत घालायची, गाळायची आणि फडक्याने भिंतीवर एकसारखी फिरवायची. खाली जोत्याला शेणाचा हात द्यायचा. पोताऱ्याने डाग झाकतात आणि बारीक भेगाही बुजतात. म्हणजे धुणे, रंगवणे आणि डागडुजी ही तिन्ही कामे एकदमच होतात. प्रेशरचे यंत्र यातले एकच करते. मोलवान जुन्या दगडालाही मातीच मानवते : आग्र्याच्या ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडला तेव्हा पुरातत्त्व खात्याने त्याला मुलतानी मातीचा लेप दिला, दाबाची धार लावली नाही. आमचे गोंडकालीन परकोट किंवा वैनगंगेकाठचे मार्कंड्याचे कोरीव मंदिर यांचा दगडही वालुकाश्म, म्हणजे मऊ. तिथे सणासुदीला उत्साहाने यंत्र घेऊन जाऊ नये.

पण पोतारा फुकट असतो असे जे आपण समजतो ते चूक. एका घराला बायकांचे तीन-चार दिवस जातात. त्या दिवसांत त्या धानाच्या बांधावर किंवा तेंदूपानाला गेल्या असत्या तर रोज मिळाला असता; तेवढे रुपये त्या भिंतीत गेले, असा हिशेब होतो. माती खणण्यात धोकाही आहे. दरसाल त्याच खड्ड्यातून आत-आत खणीत गेले की वरची दरड पोकळ होते आणि एखाद्या दिवशी अंगावर येते. खड्डा उभा, गुहेसारखा न खणता वरून उतरता, पायऱ्यापायऱ्यांनी खणावा. एकटीने जाऊ नये. पावसाने माती ओली असताना तर जाऊच नये. गावच्या पुरुषांनी वर्षातून एक दिवस श्रमदानाने तो खड्डा वरून मोकळा करून दिला तर पुष्कळ होईल.

ज्यांची भिंत गिलाव्याची आहे पण पदरी पैसे थोडे आहेत त्यांना चुना आहेच. भिजवून निवलेला चुना, त्यात थोडा डिंक किंवा खळ, आणि शेवाळासाठी पाण्यात विरघळवलेले थोडे मोरचूद. चुन्याचा क्षार आणि मोरचुदाचे तांबे दोन्ही शेवाळाला मानवत नाहीत. मोरचूद विषारी आहे. भांडे वेगळे ठेवावे, मुलांपासून दूर ठेवावे, डोळ्यांत उडू देऊ नये. आणि सफेदी देण्याआधी एकदा गच्चीवरचे पन्हळ पाहावे. ओघळ एकाच जागी दरसाल उठत असेल तर दोष धुण्याचा नसून फुटक्या पन्हळीचा असतो. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवली तर पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच खाली टपकते. गवंडी ती घर बांधतानाच काढून देतो. मात्र त्याला सांगावे लागते.

माझ्या घराची उत्तरेकडची बाजू यंदा पुन्हा काळी पडली आहे. ब्लीचिंगचे थेंब टाकून पाहिले. खालचा भाग शेवाळाचा निघाला, तो आम्ही घरच्यांनी रविवारी घासला. वरचा काजळीचा आहे. त्याच मुलाला बोलावले होते. मनगट बरे झाले आहे; थंडीत थोडे दुखते म्हणतो. चाळीस फूट लांब, वरचे दहा फूट, म्हणजे चार ब्रास. त्याने भिंतीचा भाव वेगळा सांगितला आणि परांचीचा वेगळा. परांचीचा आकडा भिंतीपेक्षा मोठा होता. कोजागिरीनंतर पावसाने उघडीप दिली की तो येणार आहे, दुसऱ्या माणसाला घेऊन.